दोन महिने फुकट, मग पंधरा हजार: मुलीला असिस्टंट म्हणून मुंबईला पाठवू का?

मालक, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण संदर्भ लागेल. मुलगी २३ वर्षांची, सोलापुरात बीए केलं, कॉलेजात एकांकिका केल्या, आता मुंबईत एका मराठी मालिकेवर असिस्टंट डायरेक्टर म्हणून बोलावणं आलंय. पहिले दोन महिने ‘शिकायचे’ म्हणून पैसे नाहीत, तिसऱ्या महिन्यापासून १५ हजार, शिफ्ट १२ तासांची, राहायचं आपलं आपण बघायचं. ह्या लाईनमध्ये असंच असतं का आणि पाठवू का नको, असं तुम्ही विचारलंय.

असंच असतं का, तर हो, बऱ्याच ठिकाणी असंच असतं. पाठवू का, तर ह्या अटींवर नको, अटी बदलून घेऊन पाठवा. आणि अटी बदलतात ओ, नव्या पोरांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बदलतात, फक्त विचारावं लागतं आणि विचारायची वेळ कामाला लागायच्या आधीचीच असते, नंतर नाही. मी पण सोलापूरचाच, क्लॅप मारण्यापासून सुरुवात करून फर्स्ट एडी, म्हणजे पहिला असिस्टंट डायरेक्टर झालो आणि आता लाईन प्रोड्युसर म्हणून बजेटची शीट मीच करतो, म्हणजे पैसे मागणाऱ्याच्या खुर्चीत पण बसलोय आणि देणाऱ्याच्या पण, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

आधी हिशोब करू, कारण १५ हजार हा आकडा ऐकायला बरा वाटतो आणि तिथंच आपण फसतो. १२ तासांची शिफ्ट म्हणजे कॅमेऱ्याची शिफ्ट. असिस्टंट तासभर आधी पोचतो, आर्टिस्ट आले का, कॉस्च्युम कुठला, काल कुठल्या सीनला साडीचा पदर कुठे होता ही सगळी कंटिन्युइटी बघतो, आणि पॅकअपनंतर उद्याचा कॉल, म्हणजे कुणी किती वाजता यायचं ते, सगळ्यांना पाठवून मग निघतो. म्हणजे १४ तास धरा. महिन्याला २६ दिवस धरले तर ३६४ तास. १५ हजाराला ३६४ ने भागा, तासाला ४१ रुपये येतात. आता त्यात फुकटचे दोन महिने मिसळा, पहिल्या सहा महिन्यांची कमाई ६० हजार, म्हणजे सरासरी महिना १० हजार आणि तासाला २७ रुपये. ह्यात मुंबईतला प्रवास धरलेला नाही, आणि मराठी मालिकांची शूटिंग कुठे कुठे चालतात बघा, गोरेगावची फिल्मसिटी, मढ, घोडबंदर रोड, मीरा रोड, नायगाव. पहाटे रिक्षा मिळाली तर नशीब.

आणि त्या दोन महिन्यांत मुलगी राहणार कुठे? पीजीमध्ये एका कॉटचे आठ-दहा हजार, जेवण, प्रवास, मोबाईल, सगळं मिळून दोन महिन्यांत तुमचे पस्तीस-चाळीस हजार तरी जाणार. म्हणजे प्रोडक्शनला एक असिस्टंट मिळाली आणि तिचा खर्च सोलापुरातून गेला. शिकवण्याचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यापासून ती काम करणार आहे, नुसती खुर्चीवर बसून बघणार नाही, तिला चारजण हाका मारणार आणि ती पळणार. दुसरं म्हणजे ज्या पोरांचे आईबाप मुंबईतच राहतात त्यांना हे दोन महिने परवडतात, सोलापूर, लातूर, धाराशिवच्या पोरांना परवडत नाहीत, मग पुढं दहा वर्षांनी डायरेक्टर कोण होतं ते आत्ताच ठरतं. आपल्या जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या जेऊरहून नागराज मंजुळे पुढं आले, अतुल कुलकर्णी सोलापुरात नाटक करता करता पुढं गेले, ह्याचा आपल्याला अभिमान आहे तो आहेच, पण अशी दोन-चार नावं मोजून आपण गप्प बसतो आणि जी पोरं पहिल्या चार महिन्यांत पैसे संपले म्हणून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं परत आली त्यांचं कुणी मोजत नाही.

आता खरी गोम सांगतो. सेटवर दोन प्रकारचे लोक असतात, शिफ्टवर पैसे घेणारे आणि महिन्यावर घेणारे. लाईटदादा, सेटिंगवाले, स्पॉटदादा, मेकअप-हेअरवाले ह्यांचा हिशोब बहुतेक शिफ्टवर. शिफ्ट संपली आणि काम चालूच राहिलं की दीड शिफ्ट, डबल शिफ्ट लागते, त्यांच्या युनियन आहेत, त्या युनियन मिळून एफडब्ल्यूआयसीई नावाची फेडरेशन आहे १९५६ पासूनची, आणि त्यांनी वेळप्रसंगी मुंबईतली शूटिंग बंद पाडलीत, ऑक्टोबर २००८ चा संप जुन्या लोकांना आठवत असेल, तेव्हा वेळेवर पैसे आणि कामाचे तास हेच मुद्दे होते. असिस्टंट डायरेक्टर मात्र महिन्यावर. त्यामुळे रात्री अकराला डायरेक्टर म्हणाला ‘अजून दोन सीन काढू’ तर प्रोड्युसर लगेच विचार करतो की लाईटवाल्यांना जादा शिफ्ट लागेल, व्हॅनिटी लागेल, जनरेटर लागेल. असिस्टंटचा विचार त्या हिशोबात येतच नाही कारण तिचे जादा तास फुकटच आहेत. जो फुकट आहे त्याचा वेळ कुणी वाचवत नाही, हे मी शीट करणारा माणूस म्हणून सांगतो.

आपल्याकडं बघा ना. सोलापुरात विडी वळणारी बाई हजार विड्यांच्या दरावर काम करते, खराब म्हणून छाटमध्ये विड्या जातात, पोटापुरतं मिळतं, पण कारखान्यात नाव लागलेल्या बाईकडं ओळखपत्र असतं, पीएफ असतो, १९६६ पासून त्यांच्यासाठी वेगळा कायदा होता, तो २०२५ मध्ये नव्या लेबर कोडमध्ये गेला, आणि दर वाढवायचा असेल तर मोर्चा निघतो. आडम मास्तरांसारखे कामगार पुढारी त्यात आयुष्यभर उतरले, मग कुंभारीला कामगारांची घरकुलं झाली, रे नगर वसाहत झाली. कुणी वर बसून दयेनं दिलेलं नाही ते. आणि आपली शिकलेली पोरगी, वॉकीटॉकी घेऊन, इंग्रजी बोलणारी, तिच्याकडं साधा कामावर असल्याचा कागद नाही. ग्लॅमरच्या लाईनमध्ये आपण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतो, तिथंच सगळं सुटतं.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. हॉलिवूडमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या असिस्टंट लोकांनी ‘पे अप हॉलिवूड’ म्हणून हॅशटॅग चालवला, लेखकांच्या ऑफिसातले, एजंटकडचे, प्रोड्युसरकडचे असिस्टंट, लोक आपापला पगार उघड लिहायला लागले. त्यांनी सर्व्हे केला त्यात दीड हजाराच्या वर लोकांनी उत्तरं दिली आणि निम्म्याहून बरेच जास्त लोक वर्षाला ५० हजार डॉलरच्या आत कमावत होते, जे लॉस एंजेलिसच्या भाड्यात काहीच नाही. तिकडं पण तक्रार हीच होती, घरून मदत असेल तरच टिकता येतं. पण तिकडं एक फरक आहे, असिस्टंटचा पगार तासावर असतो आणि बऱ्याच ठिकाणी आठवड्याला ६० तासांची हमी धरून ठरायचा, त्यामुळे भांडण तासावर आणि दरावर झालं, आणि नंतर काही एजन्सींनी तासाचा दर वाढवला पण. आपल्याकडं तासच लिहिलेले नसतात तर भांडणार कशावर? २०२५ मध्ये दीपिका पदुकोणच्या आठ तासांच्या शिफ्टवरून केवढी चर्चा झाली, टीव्हीवर, रीलवर, सगळीकडं. स्टारच्या आठ तासांवर सगळ्यांना मत होतं, असिस्टंटच्या चौदा तासांवर मी एक पण डिबेट बघितली नाही.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, वकील नाहीये मी पण कामापुरतं माहिती आहे. १९८१ चा सिने कामगारांचा कायदा होता, त्यात लेखी करार केल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही असं होतं, पण तो फीचर फिल्मपुरता. आता तो कायदा नव्या लेबर कोडमध्ये, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार कायद्यांत, विलीन झालाय, चारही कोड २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाले. त्यातल्या सुरक्षा आणि कामाच्या परिस्थितीच्या कोडमध्ये, २०२० चा तो, ‘ऑडिओ-व्हिज्युअल वर्कर’ असा शब्द आलाय, त्यात टीव्ही, वेब सिरीज, जाहिरात, रिॲलिटी शो, डिजिटल सगळं येतं. केंद्र सरकार ठरवेल त्या पगाराच्या मर्यादेतला माणूस असेल तर लेखी करार हवा, तो नोंदवायला हवा, आणि त्यात कामाचं स्वरूप, पैसे, पीएफसकट इतर फायदे, तास, सुरक्षा, सोयी हे लिहिलेलं हवं. कामगाराला आठ तासांचा दिवस आणि त्यावर ओव्हरटाइम दुप्पट दरानं हे पण कोडमध्ये आहे. वेतनाच्या कोडमध्ये मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि काम सोडलं की दोन कामाच्या दिवसांत हिशोब.

हे वाचून लगेच खूश होऊ नका. प्रोडक्शन हाऊस काय करतं, असिस्टंटला कामगार म्हणतच नाही, ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ म्हणतं, बिल द्यायला लावतं, १० टक्के टीडीएस कापतं आणि पेमेंट ९० दिवसांनी. टीव्हीच्या लाईनमध्ये ९० दिवस हा जणू देवानं ठरवलेला नियम आहे. म्हणजे मुलीनं जूनमध्ये काम केलं तर पैसे सप्टेंबर संपता संपता. तुमच्या केसमध्ये दोन महिने फुकट, मग तिसऱ्या महिन्याचं पेमेंट अजून तीन महिन्यांनी, म्हणजे पहिला रुपया सहाव्या महिन्याला हातात येणार. हे त्यांनी तुम्हाला सांगितलंय का? बहुतेक नाही. हा प्रश्न पगाराच्या आकड्याच्या आधी विचारा, कारण १५ हजार वेळेवर मिळणारे हे २२ हजार ९० दिवसांनी मिळणाऱ्यापेक्षा नव्या पोरीला जास्त उपयोगाचे आहेत.

पण फ्रीलान्स म्हणत असतील तर त्याचा उपयोग आपण पण करू शकतो आणि हे फार कमी जणांना माहितीये. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर फुकटात होतं, सर्व्हिस देणारा एकटा माणूस पण सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. मग २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान उद्योगांच्या कायद्यानं तिच्या बिलाचे पैसे लेखी ठरलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते. ह्यापेक्षा सुद्धा भारी म्हणजे अशी बिलं मुदतीत दिली नाहीत आणि मार्च उलटला तर प्रोड्युसरला तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे त्यांचा अकाउंटंटच मार्चच्या आधी पैसे सोडा म्हणून मागं लागतो. बिलावर उद्यम नंबर छापला की मी स्वतः अकाउंट्समध्ये फरक पडलेला बघितलाय. नोंदणी मात्र काम सुरू व्हायच्या आधी करा. टीडीएसचं पण तसंच, वर्षाखेरीस रिटर्न भरलं की एवढ्या कमी उत्पन्नाला कापलेलं परत मिळतं, आणि इन्कम टॅक्सच्या टीडीएस स्टेटमेंटमध्ये त्यांचं नाव दिसतं, म्हणजे तिथं काम केल्याचा सरकारी पुरावा झाला.

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईजवळ एका मोठ्या तमिळ सिनेमाच्या सेटवर रात्री क्रेन कोसळली, तिघं गेले, त्यातला एक असिस्टंट डायरेक्टर होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत एका हिंदी मालिकेच्या सेटवर कॅमेरा असिस्टंटला शॉक लागून तो गेला. स्टारच्या आसपास सुरक्षा असते, क्रेनखाली आणि वायरीत असिस्टंट असतात. रात्री दोनला पॅकअप आणि सकाळी सातचा कॉल हा पण सुरक्षेचाच विषय आहे, पाच तासांत घरी जाऊन, झोपून, परत यायचं, डोळ्यावर झोप आणि हातात केबल. दोन शिफ्टच्या मधे निदान अकरा-बारा तास सुटले पाहिजेत, मी माझ्या युनिटला हे पाळायचा प्रयत्न करतो, चॅनलला एपिसोड द्यायचा असला की जमत नाही कधीकधी, पण मग दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा कॉल उशिरा लावता येतो, तेवढं कुणीही करू शकतं, त्याला पैसे लागत नाहीत.

मुलगी आहे म्हणून दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बायकांना काम द्यायचं तर त्यांची संमती हवी आणि सुरक्षेची जबाबदारी मालकाची, असं नव्या कोडमध्ये आहे, म्हणून रात्रीच्या पॅकअपनंतर घरापर्यंत गाडी हे मागायला लाजायचं नाही, ‘स्टेशनला सोडू’ चालणार नाही. आणि २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा इंटर्न, ट्रेनी, बिनपगारी सगळ्यांना लागू होतो, प्रोडक्शनच्या गाडीत घडलं तरी लागू होतो. दहा किंवा जास्त लोक असतील तिथं अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं, मुदत साधारण तीन महिन्यांची. केरळात हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आला तेव्हा सेटवर बाथरूम नाही, कपडे बदलायला जागा नाही अशा गोष्टी त्यात निघाल्या, आणि हे ऐकून आमच्या लाईनमधल्या एकाही बाईला नवल वाटलं नाही. आउटडोअरला टॉयलेटची काय सोय, हा प्रश्न मुलीनं पहिल्या फोनवरच विचारावा. चांगलं युनिट असेल तर समोरचा सरळ उत्तर देतो.

बजेटच्या बाजूनं पण बोलतो म्हणजे एकतर्फी होणार नाही. रोजच्या मालिकेत चॅनल एपिसोडमागं ठरलेली रक्कम देतं, ती लवकर वाढत नाही, आर्टिस्ट आणि जागेचं भाडं महाग होत जातं, मग काटछाट जिथं कुणी भांडत नाही तिथं होते. प्रत्येक प्रोड्युसर राक्षस नसतो, काही लहान निर्मात्यांनी खरंच घर गहाण टाकून मालिका चालवलेली मी बघितलीये. पण नव्या असिस्टंटचे पाच-सात हजार वाढवल्यानं कुठली मालिका बंद पडली असं मी अजून बघितलेलं नाही, एका दिवसाच्या आउटडोअरला त्यापेक्षा जास्त उडतात. त्यामुळे ‘बजेट नाहीये’ हे ऐकलं की ते वाटाघाटीचं पहिलं वाक्य समजा, शेवटचं नाही.

मग मागायचं काय? फुकटचे दोन महिने नाही म्हणायचं, फारच अडले तर दोन आठवडे ट्रायल, त्यात जेवण आणि प्रवासखर्च. पगार २० ते २२ हजारापासून बोलायला सुरुवात करा, १८ च्या खाली मुंबईत एकटीनं राहून कर्ज होतं. तास लिहून घ्या, बारा तासांच्या वर गेलं तर पुढच्या दिवशी उशिरा कॉल किंवा जादा दिवसाचे पैसे. आठवड्याला एक सुट्टी. पेमेंट किती दिवसांनी. क्रेडिट काय नावानं येणार. सेटवर अपघात झाला तर खर्च कोण करणार. करार देत नसतील तर निदान व्हॉट्सॲपवर तिनं असा मेसेज टाकावा: ‘सर, काल फोनवर ठरल्याप्रमाणे मी अमुक तारखेपासून असिस्टंट डायरेक्टर म्हणून जॉईन होतेय, महिना इतके रुपये, पेमेंट इतक्या दिवसांत, शिफ्ट १२ तास, आठवड्याला एक सुट्टी, नाईटला घरापर्यंत ड्रॉप. काही चुकलं असेल तर कळवा, नाहीतर ओके म्हणा.’ समोरून ओके आलं की स्क्रीनशॉट तुमच्याकडं पण पाठवून ठेवू दे. रोजच्या कॉल टाइम आणि पॅकअपचे मेसेज डिलीट करायचे नाहीत, पुढं कधी हिशोबावरून वाजलं तर तेच कामाला येतात. बँकेतून २० रुपयांचा वर्षाचा अपघात विमा काढून ठेवा, दोन लाखांचा असतो, प्रोडक्शनच्या विम्यावर विसंबू नका.

सोलापुरात जी पोरं लोकल गाणी, वेब सिरीज, लग्नाचे शूट करायलेत त्यांच्यासाठी पण एक ओळ, जेवण आणि क्रेडिट म्हणजे पगार नाही, कॅमेऱ्याचं भाडं जसं त्याच दिवशी देता तसे असिस्टंटचे पाचशे-हजार पण त्याच दिवशी द्या.

आणि मालक, निर्णय घ्यायच्या आधी एक काम करा. त्या प्रोडक्शन हाऊसच्या मागच्या मालिकेची एंड क्रेडिट बघा, त्यात असिस्टंट म्हणून ज्यांची नावं आहेत त्यातल्या दोघांना मुलीनं इन्स्टाग्रामवर गाठावं आणि एवढंच विचारावं, शेवटचं पेमेंट कधी आलं आणि त्यासाठी किती फोन करावे लागले. पोरं खरं सांगतात. दोघांचे पैसे अजून अडकलेले असतील तर ऑफर कितीही गोड असो, सोडून द्या, मालिका भरपूर चालूयत, दोन महिन्यांत दुसरी मिळेल. पैसे आलेले असतील तर वरच्या अटी घेऊन बोला आणि बोलताना तुम्ही नका बोलू, तिलाच बोलू द्या, बापानं फोन केला की ते ‘पोरगी लहान आहे’ म्हणून आकडा अजून खाली आणतात.